तिकिटावर एक घागर

मला राग लवकर येतो. शाळेतल्या शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. पण त्या दिवशी अमृतराव मालकांच्या गादीवर मी मुकाट बसून होते. गरज माझी होती ना.

अमृतराव म्हणजे लातूरचे डाळमिलवाले. टीव्हीवर कबड्डीची लीग बघून त्यांच्या डोक्यात किडा शिरला होता. कबड्डीनं एवढा पैसा केला, तर पोरींच्या फुटबॉलनं का करू नये? म्हणून त्यांनी मला बोलावणं धाडलं. लातुरात पोरींना फुटबॉल शिकवणारी वेडी मी एकटीच. वाघमारे मॅडम, पी.टी.वाली.

"चार टीमा," मालक बोटांवर मोजत म्हणाले. "लातूर, नांदेड, परभणी. आन् चौथी उदगीर."

"उदगीर कुठं जिल्हा आहे?"

"होऊन राहिलाय की! नवा जिल्हा झाला की नवी टीम. आपण आधीच नाव धरून ठेवू."

उदगीर किती वर्षं झाली, नुसतं होऊनच राहिलं होतं. पण मी जीभ आवरली. "आणि मुलींना पगार?" एवढंच विचारलं.

"म्हैन्याला पाच हजार. पर म्याडम, आमदनी कुठनं यायची ते सांगा की."

मी तयारी करूनच गेले होते. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावायला क्लासवाल्यांना लातुरातल्या भिंती पुरत नाहीत, ते मैदानाभोवती बोर्ड लावतील. बियाणंवाले लावतील. तिकीट वीस रुपये ठेवू. आणि जे खरं ते पण सांगून टाकलं, की पहिली तीन वर्षं खिशातनं पैसे घालावे लागतील, कुठलीही लीग पहिल्या दिवशी पायावर उभी राहत नाही.

"तुरीत मी एक साल तोटा खातो," मालक म्हणाले. "तीन साल खाल्ला तर पोरं मला घरातनं हाकलतील. असं करा. एक मॅच घ्या. नांदेडच्या पोरी बोलवा, तिकीट लावा. ग्राउंड भरलं तर तीन साल पैसा घालतो, बाँडावर लिहून देतो. न्हाई भरलं तर पुन्हा ह्या गादीवर फुटबॉल काढायचा न्हाई."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझी पंचशीला त्या एका मॅचवर टांगलेली होती.

पंचशीला माझी स्ट्रायकर. अंगानं काडी, अभ्यासात बेताची, पण चेंडू पायात आला की ती पोर वेगळीच व्हायची. वीस वर्षांत मी तिच्यासारखी एकही पाहिली नाही. तिचा बाप केरबा गवंडीकाम करायचा. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं सिमेंट कालवायला पाणी कोण देणार? बांधकामं ठप्प झाली. केरबा मला सांगायला आला होता.

"म्याडम, पुण्याला जाऊन राहिलो. पोरीला बी नेतो. तिथं बंगल्यावर धुण्याभांड्याची कामं मिळतेत."

"अहो, काय बोलता तुम्ही! तिचे पाय काय धुण्याभांड्यासाठी आहेत का?"

"पाय खात न्हाईत म्याडम, पोट खातं."

मग मी त्याला लीगचं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसून बराच वेळ ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी म्होरं जातो. पोरीचा पगार सुरू झाला तर ती आन् तिची माय हितंच राहू द्या. न्हाई झाला तर मात्र तुमी आडवं यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरावाला पंचशीला सगळ्यांच्या आधी हजर. बूट बांधता बांधता तिनं विचारलं, "मॅडम, खेळायचा पगार म्हंजे... निस्तं खेळायचा?"

"हाव गं. नुसतं खेळायचा."

"दुसरं काईच करायचं न्हाई?"

"गोल करायचे."

ती खुदकन हसली. "मायला खरंच वाटंना. म्हनली, तुला फसवून राहिलेत." मलाही हसू आलं. आता ते हसू आठवलं की माझाच मला संताप येतो.

खरी अडचण मैदानाची होती. उन्हानं जमीन अशी वाळली होती की पडलं की गुडघा फुटलाच. सरावानंतर पोरी पायांना हळद लावून घरी जायच्या. म्हणून मी मालकांकडं हट्ट धरला, तुमच्या मिलच्या बोअरला अजून पाणी आहे, मॅचच्या आधी एक टँकर माती भिजवायला द्या. त्यांनी दिला. पण ही गोष्ट गल्लीत फुटली आणि बायका माझ्या दारात आल्या. त्यांच्यात पंचशीलाची आई गुणाबाईसुद्धा होती.

"म्याडम, राग मानू नका," ती खाली बघत म्हणाली. "हितं माणसाला प्यायला न्हाई, आन् तुमी मातीला पाजणार? हे काई बरं दिसत न्हाई."

मला शरमल्यासारखं झालं. मी मालकांना फोन करून टँकर नको म्हणाले. ते मात्र फोनवर एकदम खूश झाले. "कॅन्सल कशाला म्याडम? टँकर येऊ द्या. डाळीच्या पोत्यामागं आमी पिशवी फुकट देतो का न्हाई? तसं करू. मॅच सुटली की तिकिटावर एक घागर पाणी."

"मालक, लोक पाण्यासाठी येतील मग."

"येऊ तर द्या! आले की बघतेत. बघितलं की चटक लागते. गिऱ्हाईक असंच फोडावं लागतं."

मी भांडले. खूप भांडले. पण ते काही ऐकेनात. संध्याकाळी गल्लीतनं भोंगा लावलेली रिक्षा फिरली, "महिला फुटबॉलचा जंगी सामना, तिकीट फक्त वीस रुपये, तिकिटावर एक घागर पाणी मोफत!" मी घरात बसून कान झाकून घेतले. आणि खोटं कशाला बोलू, मनात कुठंतरी म्हटलं, भरू दे. कसंही भरू दे, मैदान भरू दे.

आणि भरलं की हो! असं भरलं की क्लासची पोरं कंपाउंडवर चढून बसली. नांदेडच्या पोरी एस.टी.नं आल्या होत्या, त्या बिचाऱ्या बावरून गेल्या. एवढी माणसं त्यांच्या मॅचला कधी आलीच नव्हती. मांडवात खुर्ची टाकून बसलेले मालक मला लांबून हात दाखवत होते, बघितलं का म्हणून.

मी काय बघितलं ते सांगते. आमच्याकडं पाण्याला नंबर माणसाचा नसतो, भांड्याचा असतो. भांडं ओळीत ठेवलं की माणूस कुठंही जाऊन येऊ शकतो. टँकर उभा होता एका गोलच्या मागं. त्यामुळं लोकांनी आल्या आल्या घागरी, कळश्या, कॅन सगळे मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेला लागून ओळीनं मांडून टाकले. ओळ कॉर्नरला वळून पार टँकरपर्यंत गेलेली. आणि माणसं आपापल्या भांड्यामागं बसलेली, तोंडं टँकरकडं. मैदानाकडं बहुतेकांची पाठ होती.

खेळ सुरू झाला. चेंडू बाहेर गेला की भांड्यावर आदळायचा, ओळ विस्कटायची आणि लगेच कालवा. "ए पोरे, नीट मार की!" "माझी घागर म्होरं होती!" एका म्हातारीची मातीची घागर फुटली, तिनं नांदेडच्या पोरीला धरून ठेवलं, भरून दे म्हणून. रेफ्रीनं हात जोडले तेव्हा कुठं सोडलं.

उत्तरार्धात पंचशीलाला मध्यावर चेंडू मिळाला. एकीला आत घेऊन चकवलं, दुसरीच्या पायांमधनं काढला, तिसरी तिच्या अंगावर आली तर ही आपली पडली, गुडघा फुटला, तशीच उठली आणि डाव्या पायानं असा मारला की गोलकीपर नुसती बघत राहिली. अगं माझी बाई! मी जागच्या जागी उडी मारली. पंचशीला दोन्ही हात वर करून लोकांकडं पळाली.

नेमका त्याच वेळी टँकरचा ड्रायव्हर मलप्पा पाइप सोडवायला वर चढला होता.

सगळी माणसं उठली. गोलला नव्हे, पाइपाला. "सोडलं, सोडलं!" झालं आणि पंचशीला हात वर करून पळतेय तिकडनंच लोंढा तिच्या अंगावर आला. तिला कडेनं वळसा घालून माणसं मैदानावरनं धावली. रेफ्री शिट्ट्या मारून थकला. टँकरभोवती अशी रेटारेटी झाली की एक पोरगं खाली सापडलं. गुणाबाई पण त्यात होती, मला तिचा पदर दिसला.

पंचशीलालाही दिसला. ती धावली, टँकरच्या शिडीवर चढली आणि ओरडली, "ए मावशे, माघं हो! नंबरानं! मामा, तुमची कळशी माघं हाय, तिकडं थांबा!" मी खालनं माझी शिट्टी जीव खाऊन फुंकली. काय जादू झाली कोण जाणे, माणसं सरळ झाली, खाली सापडलेल्या पोराला कुणीतरी उचलून घेतलं. भांडी पुन्हा ओळीला लागली. फुटलेल्या गुडघ्यावरनं रक्त गाळत ती पोर पाणी संपेपर्यंत शिडीवर उभी होती. मॅच तशीच अर्धवट राहिली. नांदेडच्या पोरी पाच वाजताची गाडी धरून निघून गेल्या.

लोक पांगल्यावर मालक माझ्याकडं आले. चेहरा खुललेला होता.

"म्याडम, लीगचं राहू द्या."

"का? मैदान भरलं ना? तुम्ही शब्द दिला होता!"

"भरलं की. पर कशानं भरलं ते तुमाला बी दिसलं, मला बी दिसलं. माणूस वीस रुपये द्यायला तयार हाय. फुटबॉलला न्हाई, घागरीला." ते शांतपणे बोलत होते, त्यात खोट काढायलाही मला जागा नव्हती. "मग मधी फुटबॉल कशाला? खर्च वाढून राहिलाय फुकटचा. मी उद्यापासून दोन टँकर लावतो."

मी त्यांना नको नको ते बोलले. लाज नाही का वाटत, असंही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्यामागं उभ्या पंचशीलाला म्हणाले, "पोरी, तू लाईन झकास लावलीस. टँकरवर येतीस का? पाच हजार देतो."

पंचशीलानं माझ्याकडं बघितलं. पाच हजार. तेच पाच हजार. नको म्हणावं तर ती आठ दिवसांत पुण्याला. मी मान खाली घातली.

तेव्हापासून ती टँकरवर. टँकर सकाळी आणि संध्याकाळी, आणि उन्हाळ्यात खेळायच्या वेळाही त्याच दोन. सरावाला तिची जागा रिकामी राहू लागली, मग बाकीच्याही एकेक करत कमी झाल्या. मालकांनी मैदानाच्या कोपऱ्यातच टँकर उभा करायला सुरुवात केली होती. गर्दी आवरावी म्हणून गोलच्या खांबांना दोर बांधला होता. एका सकाळी मी तिथनं जात होते तर पंचशीलानं हाक मारली. अंगात आमच्या टीमची जर्सी, पाठीवर नऊ नंबर.

"मॅडम, लोक ऐकत न्हाईत. घसा बसलाय माझा. तुमची शिट्टी देता का? पाऊस आला की वापस देते."

मी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली.

त्या वर्षी पाऊस लई झाला. नळाला पाणी आलं, टँकरला गिऱ्हाईक राहिलं नाही, मालकांनी दोन्ही टँकर विकून टाकले. मैदानावर गवत आलं. पहिल्यांदाच माती अशी मऊ झाली की कुणी कितीही पडलं असतं तरी गुडघा फुटला नसता.

एके दिवशी गुणाबाई दारात आली. हातात पिशवी, रिक्षा बाहेर उभी, रिक्षात पंचशीला. ती खाली उतरली नाही. गुणाबाईनं पदराच्या गाठीतनं शिट्टी काढली. धुऊन, पुसून, नव्या दोरीत ओवलेली होती.

"पोरगी म्हनली, पाऊस आला की द्यायची बोली होती," गुणाबाई म्हणाली. "येतो म्याडम. पुण्याची गाडी हाय."