अकरा फॉर्म

राजीनाम्याचा कागद तीन दिवस सरांच्या खिशात घडी होऊन पडला होता. लोकप्रशासनाच्या एम.ए.ला संख्याशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते. पण यंदा अभिप्रायाचे अकरा फॉर्म आले आणि अकराही फॉर्मांत एकच सूर: काही समजत नाही.

"कौतुक केलं तर तुम्हाला पटत नाही, आणि नावं ठेवली की ती मात्र काळ्या दगडावरची रेघ!" बायको म्हणाली होती. तरी सर निघालेच.

विभागप्रमुखांच्या दाराशी पाणीपुरवठा खात्यातली विद्यार्थिनी भेटली. चाळिशीची, नोकरी सांभाळून शिकणारी, मागच्या बाकावर मुकाट बसणारी. "बरं नाही का, सर?" तिनं विचारलं, आणि सरांना काही लपवता येईना; फॉर्म, राजीनामा, सगळं सांगून टाकलं.

"फॉर्म कधी भरून घेतलेत?" तिनं विचारलं.

"सोमवारी. तुम्ही होतातच की."

"होते ना. चौतिसातले अकराच होतो. बाकीचे तेवीस?"

"ते पाहणीला गेलेले. कोणाला काय विचारायचं, याचा ज्यांचा आराखडा बरोबर होता, त्यांना मीच..." सर थांबले.

"ज्यांना समजलं त्यांना तुम्हीच बाहेर धाडलंत, आणि मागे उरलेल्या आम्हा ढ मंडळींना विचारलंत, समजलं का!" ती हसली. "माझ्या आराखड्यात मीही तेच करणार होते. नळाला पाणी येतं का, हे टँकरच्या रांगेतल्या लोकांना विचारायचं."

सरांनी कपाळावर हात मारला. 'कोणाला विचारलं, कोण सुटलं?' हे दरवर्षी पहिल्या तासाला ते स्वतःच फळ्यावर लिहीत. दिव्याखालीच अंधार.

"तरी तुम्हा अकरा जणांना समजलं नाही, हे खरंच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"खरंय. 'सर फळा फार भरभर पुसतात' हे माझंच वाक्य."

"मग आता आराखड्यात काय बदलाल?"

"टँकरची रांग सोडेन. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून घरं निवडेन."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "तर मग निघा पाहणीला. उरले दहा."

त्यांनी खिशातला कागद काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दहा जणांची नावं लिहायला घेतली.

"उद्या नऊला बोलवा सगळ्यांना," ते म्हणाले. "फळा पुसायचा नाही, असं ठरलंय."