अकरा वगळून सरासरी

आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ओतिलिया वेंचुर सगळ्यांत थोरली, त्रेचाळीस वर्षांची. चिलीतल्या चिलोएजवळच्या एका लहान बेटावर समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या बायकांची सोसायटी होती. त्यांनीच तिला व्यवस्थापन शिकायला कास्त्रोच्या कॉलेजात पाठवलं होतं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. कायद्याच्या तासाला ती भराभर लिहून घ्यायची, पण संख्याशास्त्र आलं की कपाळाला आठ्या.

"मावशी, आकडे काय चावतात का?" बेर्नाबे चिडवायचा.

"तुला नसतील चावले," ती म्हणायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी उर्सुआ सरांनी फळ्यावर सहा आकडे लिहिले: दोन, एक, तीन, शून्य, दोन, अकरा. सर त्याच वर्षी सान्तियागोहून आले होते.

"या बेटांभोवती सहा वर्षांत बुडालेली माणसं. सरासरी काढा. पण हा अकरा बघा, सगळी सरासरी वर ओढतोय. असा अपवादात्मक आकडा वगळायचा." आणि त्यांनी डस्टर उचललं.

"सर, तो पुसू नका."

मावशी उभी राहिली होती.

"तो आमच्या बेटाच्या बुडालेल्या लाँचचा आकडा आहे. जत्रेहून परत येत होती. वीस माणसांचा परवाना, आत चौतीस. माझा भाऊ लिसान्द्रो त्या अकरांत होता. लाइफ जॅकेटं होती नऊ."

सरांचा हात खाली आला. ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, बाई. पण नियम तसाच आहे."

"नियम शिकायलाच आलेय मी. वगळायचा तर वगळा. पण तो कशामुळे आला, ते आधी विचारायला नको का?"

सर खुर्चीवर बसले. त्या दिवशी पुढे शिकवणं झालं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी छापील प्रकल्प रद्द करून आम्हाला धक्क्यावर धाडलं. सहा रविवार आम्ही पावसात उभं राहून लाँचमधली माणसं मोजली, जॅकेटं मोजली. माणसं सरासरी एकतीस, जॅकेटं अठरा. बंदराच्या कचेरीत अहवाल दिला. 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं.

मावशीनं ते सोसायटीत वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी दुपारी बाजार आटोपून पंचवीस बायका धक्क्यावर आल्या आणि माणशी एक जॅकेट मिळेपर्यंत लाँचमध्ये चढणार नाही म्हणून टोपल्या मांडून बसल्या. मीही त्यांच्यात होते.

तीस माणसांच्या परवान्याच्या लाँचचा मालक एवारिस्तो वैतागला. "ओतिलिया, वीस वर्षं चालवतोय मी. बुडाली ती दुसऱ्याची. माझ्या लाँचला काही झालंय का कधी?"

"नाही झालं. म्हणूनच आत्ता सांगतेय."

"हिवाळा आहे, लवकर अंधार पडेल. घरी पोरं वाट बघत असतील तुमची."

"आम्ही परत यावं म्हणूनच बघतायत ना?"

तो शिव्या देत निघून गेला. कोणीतरी बटाट्याचे मिल्काओ वाटले. ते गार झाले होते, तरी सगळ्यांनी खाल्ले. चारच्या सुमाराला एवारिस्तो गाडीतून जॅकेटं घेऊन आला, कुठून कुठून मागून आणलेली, काही फाटकी. मावशीनं एकेक ओढून पाहिलं, तीन परत केली. तेवढी कमी पडली म्हणून तीन माणसं मागे राहिली. त्यांत ती स्वतः होती. दुसऱ्या फेरीनं ती घरी पोचली.

नाताळापर्यंत त्या धक्क्यावरच्या तिन्ही लाँचमध्ये पुरेशी जॅकेटं आली. संख्याशास्त्रात मावशीला सातपैकी चार पूर्णांक एक मिळाले, चारला पास. अर्थशास्त्रात ती नापास झाली, जानेवारीत पुन्हा बसली आणि सुटली. मार्चमध्ये सोसायटीनं आणखी दोघींना कॉलेजात नाव घालायला पाठवलं. फॉर्म भरताना त्या मावशीला खेटून बसल्या होत्या, आणि ती त्यांना सांगत होती, "घाई नको, आधी सगळं वाचा."