छत्रीच्या काड्यांची अँटेना

सुज्ञ वाचकहो, एका गृहस्थाने आपला आवाज ओळखीच्या पाच-सहा कानांपर्यंत पोहोचविण्यासाठी घरातील कोणकोणत्या वस्तूंना तारा जोडल्या आणि त्या उद्योगाची सांगता कशी झाली, हे पुढे यथाशक्ती निवेदन करीत आहे. या कथेत खून नाही, लग्न नाही, कोर्टकचेरीही नाही. एक छत्री आहे. तेवढे गोड मानून घ्यावे.

"अहो, हात भरून आला माझा! किती वेळ धरू ही काठी?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धीअधिक बाहेर वाकलेल्या पत्नीने हा त्रस्त उद्गार काढला. तिच्या हातात कपडे वाळत घालण्याची लांब काठी होती. काठीच्या टोकास कापड फाडून टाकलेल्या छत्रीचा सांगाडा उघडून बांधला होता, आणि त्या सांगाड्यापासून निघालेली केसासारखी बारीक तांब्याची तार ओट्यावरील बिनतारी यंत्रात शिरत होती.

"जरा वर घे. अजून वर. हां, आता हलू नकोस."

"हलू नको म्हणे! मी काय खांब आहे?"

"आजच्या दिवस हो खांब. पाया पडतो तुझ्या."

यंत्रापुढे बसलेल्या गृहस्थांचा व्यवसाय पंपांच्या जळालेल्या विजेच्या मोटारींमध्ये नव्या तारेचे वेटोळे भरून देण्याचा होता. म्हणून सारे त्यांना वाइंडर म्हणत. रीतसर परवाना काढून हवेतून गप्पा मारण्याचा छंद त्यांनी ऐन तारुण्यात लावून घेतला होता. त्या छंदाचे एक मंडळ होते. दर रविवारी सकाळी मास्तर नावाचे निवृत्त शिक्षक हवेतूनच हजेरी घेत, आणि निरनिराळ्या गावांतील माणसे आपापल्या घरांतून "हजर" म्हणत. मग हवापाणी, गुडघेदुखी, जावयाचा विक्षिप्तपणा, सारे निघे. वाइंडरांनी यांतील एकाचेही तोंड पाहिले नव्हते. परंतु कोणता खोकला कोणाचा, हे ते झोपेतही सांगू शकले असते.

शेवटच्या हजेरीला ते गमतीने म्हणाले होते, "उद्या पोटाचं ऑपरेशन आहे. वाचलो तर भेटू." ते वाचले. मात्र दवाखान्यातून सुटताच मुलाने त्यांना जुन्या बैठ्या घरातून, जिथे अंगणात उंच बांबूवर तार झुलत असे, या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवले. इमारतीच्या सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी बजावले, "काका, बाहेर एक तारसुद्धा दिसता कामा नये. इमारतीची शोभा जाते."

आता, ऐकण्यास कसलीही तार चालते. बोलण्यास मात्र मोकळी, मापाने जुळविलेली तार लागते. नाहीतर यंत्राची शक्ती उंबऱ्यावरूनच माघारी फिरते. त्यामुळे वाइंडरांना मंडळातील शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येई आणि त्यांचा एक शब्दही कोणास जात नसे. "वाइंडर? वाइंडर आहेत का?" असे मास्तर विचारत. "आहे! आहे हो!" असे हे गळ्याच्या शिरा ताणून ओरडत. मग मास्तर हळूच म्हणत, "नाहीत."

त्यांनी प्रयत्नांची शर्थ केली. प्रथम गॅलरीतील कपड्यांची दोरी काढून तिच्या जागी तार ताणली. सेक्रेटरीस ती दोरीच वाटली. दुर्दैवाने पत्नीसही दोरीच वाटली. हजेरीच्या ऐन वेळी तिने दोन ओल्या चादरी तिच्यावर पसरल्या आणि जुळविलेली तार पोट सोडून बसली. मग पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या काळ्या, लोखंडी दिसणाऱ्या पाइपाचा विचार झाला. सुरीने रंग खरवडल्यावर पाइप प्लास्टिकचा निघाला. "रंग तरी खरा आहे ना, बघा," असे पत्नी म्हणाली. सुताराकडून मोजमापाच्या दोन पोलादी टेपा आणून बोळकांडीत ताणल्या, तर स्वतःचे नाव उच्चारताक्षणी एक टेप सर्रकन परतली आणि अंगठा कापून गेली. शेवटी खिडकीच्या जाळीस तार जोडली. तेव्हा शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, तुमचे हे बोलायला लागले की आमची बेल वाजते. सकाळपासून सारखी दार उघडतेय मी!"

"चला," पत्नी म्हणाली, "तुमच्यापर्यंत तरी पोचतोय यांचा आवाज."

हसू कोणालाच आले नाही.

गेल्या रविवारी मास्तर खाकरून म्हणाले होते, "आता मन घट्ट करायला हवं. पुढच्या खेपेस वाइंडरांसाठी मौन पाळू, आणि हजेरीतून नाव कमी करू."

हे ऐकून मुलाने कपाळाला हात लावला. "बाबा, मास्तरांचा नंबर काढून देतो. एक फोन करा, विषय संपला."

"फोनवर काय सांगू? मी मेलो नाही, कृपया नोंद घ्यावी?"

"हो! अगदी तेच!"

"अरे, तिथं हजेरी हवेतून लागते. फोन काय, कोणीही करतं."

"मग करा काय करायचं ते. घरात आता छत्रीच तेवढी राहिलीय!"

मुलगा चिडून बोलला खरा, पण वाइंडरांनी तेवढेच उचलले.

म्हणून आजची ही हजेरीपुरती बाहेर काढलेली छत्री. जळक्या मोटारीतून उसवलेली तार इतकी बारीक होती की सेक्रेटरीस दुर्बीण लावूनही दिसली नसती. दुसरी तार जमिनीशी जोड म्हणून नळास बांधली होती. यंत्र आज तापत नव्हते, म्हणजे शक्ती माघारी फिरत नव्हती. वाइंडरांच्या मनाने उभारी धरली.

हजेरी सुरू झाली. त्यांच्या नावाची जागा आली, आणि मास्तरांनी ती ओलांडून पुढचे नाव घेतले.

"हजर! मास्तर, मी हजर!" त्यांनी बोलण्याची कळ दाबून हाक दिली, परंतु त्याच क्षणी दुसऱ्याचा दणदणीत आवाज येऊन ती हाक पार बुजवून गेला.

"लोकांना जरा थांबता येत नाही का?" ते दात-ओठ खात म्हणाले.

मग एकेक जण बोलू लागला. खोकणाऱ्या सद्गृहस्थाने सांगितले, की वाइंडरांनी हवेतून समजावून सांगितल्यामुळे आपली विहिरीवरची मोटार परत चालू झाली. शेवटी मास्तर म्हणाले, "इतकी वर्षं बोललो, पण हा माणूस कधी कुणाच्या बोलण्यात मध्ये बोलला नाही. आता सगळ्यांनी कळ सोडा. मौन पाळू."

"अहो, हे काय!" पत्नी खिडकीतून किंचाळली. "धडधडीत जिवंत माणसाचं मौन? जळ्ळं मेलं ते मंडळ! बोला की आता, सगळे गप्प आहेत!"

खरेच सगळे गप्प होते. इतक्या आठवड्यांत प्रथमच हवा मोकळी होती. क्षीण आवाजासही आता वाट होती. मौनात कळ दाबू नये, हा मंडळाचा दंडक वाइंडरांनी जन्मभर पाळला होता. त्यांनी कळ दाबली.

"मास्तर... मी आहे."

मग मास्तरांचा आवाज आला. तो कठोर होता.

"कोण आहे ते? शब्द कळत नाहीत, पण मौन चाललंय. गेलेल्या माणसाचा जरा मान ठेवा."

वाइंडरांच्या अंगठ्याने कळ सोडली.

"अहो, पोचला! पोचला तुमचा आवाज! परत बोला ना, थांबलात काय असे? नाहीतर फोन तरी लावू का मी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"थांब. मौन चाललंय."

ते खुर्चीवरून उठले, सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि हात खाली सोडून ओट्यापुढे ताठ उभे राहिले. काठी आत घ्यावी की तशीच धरावी, हे पत्नीस कळेना. तिने ती आणखी थोडी उंच धरली.

येथे ही कथा पूर्ण झाली. आपण अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
वाइंडरांच्या दुकानासमोरील घड्याळजी