उपद्रवाची साक्ष

महिपती कारंडे हा सोलापूरच्या एका चादरींच्या कारखान्यात तपासनीस होता. मागावरून उतरलेली चादर उजेडासमोर धरावयाची आणि तुटलेला धागा दिसला की खडूने खूण करावयाची, हे त्याचे काम. शिक्षण सातवीपर्यंतच झाले होते. परंतु उरलेली विद्या त्याने सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून संपादन केली होती, आणि तिच्या बळावर एक विनोदी एकपात्री प्रयोग लिहिला होता. त्या संहितेवर मुंबईच्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का होता. मंडळाने एकही शब्द वगळला नव्हता, ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगत असे. उणीव एकच होती. त्याच्या प्रयोगाला कोणी हसत नसे. लोक शिस्तीने ऐकत, शेवटी टाळ्या वाजवीत आणि "बोध चांगला होता" असे म्हणून पायताणे शोधू लागत.

आणि त्याच सोलापुरात गुरुलिंग होता. मूळचा दुधनीचा, भुसार बाजारात तोलार. दिवसभर पोती तोलावयाची आणि संध्याकाळी कोणत्याही उत्सव मंडळाने बोलाविले की अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी नकला करावयाच्या. त्याला मराठीचे व्याकरण ठाऊक नव्हते. मध्येच कानडी बोले, मध्येच तेलुगू. लिहून तर त्याने एक ओळही काढली नव्हती. परंतु तो मंचावर चढून नुसता शेंबूड पुसल्यासारखे करी, तोच मागच्या रांगेतल्या विडीकामगार बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत.

महिपतीला हे सहन होत नसे. चादरीतला दोष त्याला एका दृष्टिक्षेपात सापडे. या माणसातले मर्म मात्र सापडत नव्हते. ते शोधण्याकरिता सन एकोणीसशे शहात्तरच्या गणेशोत्सवात तो सलग नऊ संध्याकाळी गुरुलिंगाच्या मागोमाग नऊ मंडळांत हिंडला. पहिल्या रांगेत बसून त्याने प्रत्येक वाक्य वहीत उतरविले. कोठे थांबतो, किती थांबतो, हेही मनात आकडे मोजून टिपले. घरी येऊन तो कंदिलाइतक्या क्षीण दिव्याखाली ती वही वाची, आणि त्याला त्यात हसण्याजोगे काहीच आढळत नसे.

एके दिवशी मात्र त्याच्या स्वयंपाकघरातून हसू ऐकू आले. त्याची पत्नी रंभाबाई शेजारच्या काशम्माला गुरुलिंगाचीच नक्कल सांगत होती, आणि सांगता सांगता तिला इतके हसू लोटले की हातातले पीठ जमिनीवर सांडले. सोळा वर्षांच्या संसारात महिपतीच्या एकाही विनोदाने पीठ सांडले नव्हते. त्या दिवशी तो जेवला नाही.

ती नक्कल शिबिराची होती. आणीबाणीचा अंमल चालू होता. नसबंदीच्या शिबिरात किती माणसे आणावयाची, याचे आकडे अधिकाऱ्यांना नेमून दिलेले होते. नकलेतला साहेब आकडा भरण्यासाठी धापा टाकीत ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या दारात येतो, आणि म्हाताऱ्याच्या आधी त्याची बायको बसव्वाच उत्तर देते. आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याला ही नक्कल फार झोंबली. परंतु "आमची थट्टा केली" अशी तक्रार नोंदविली असती तर साऱ्या शहराने पुन्हा हसून घेतले असते. म्हणून सार्वजनिक जागी अश्लील बोलून लोकांस उपद्रव दिल्याचे कलम शोधण्यात आले. त्या कलमासाठी ज्याला उपद्रव झाला असा एक सभ्य नागरिक हवा होता.

फौजदारांनी महिपतीला बोलावून खुर्ची दिली. आपल्यासारख्या प्रतिष्ठित कलावंताला अशा अभिरुचीचा त्रास झालाच असेल, असे ते म्हणाले. महिपतीला आजवर कोणी प्रतिष्ठित कलावंत म्हटले नव्हते. गुन्हा शाबीत झाला तर गुरुलिंगाला पुन्हा प्रयोगाचा परवाना मिळणार नाही, हेही त्यांनी सहज सांगितले. महिपतीने सही केली.

खटला मार्गशीर्षात उभा राहिला. बाजारातले हमाल, तोलार आणि आडत्यांचे मुनीम यांनी न्यायालय भरून गेले होते. प्रारंभीच सरकारी वकिलांनी सुचविले की आरोपीने गुन्हा कबूल करून ही नक्कल पुन्हा न करण्याचे लिहून द्यावे, म्हणजे प्रकरण किरकोळ दंडावर मिटेल. गुरुलिंग हात जोडून उभा राहिला.

"साहेब, मापात खोट निघाली तर मी माझा तराजू मोडून देतो. पर लोक हसून गेले की. ते हसणं मी माघारी कसं मागू?"

न्यायालयात कुजबुज झाली. आरोपीचे वकील मानसिंगराव यांनी तोच धागा धरून सांगितले की राज्यकर्त्यांची थट्टा करण्याचा हक्क ज्याला नाही, त्याला स्तुती करण्याचाही खरा हक्क नसतो. परंतु महिपतीचे तिकडे लक्ष नव्हते. तराजूचे ते वाक्य आपल्याला का सुचले नाही, याच विचारात तो होता.

मग तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ झाली. त्याने वही उघडून खणखणीत आवाजात वाचले की उपरोक्त वृद्धेने पतीचा तो अवयव तीस वर्षांपासून निरुपयोगी अवस्थेत असल्याचे निवेदन केले. सर्वत्र शांतता पसरली. ही शांतता त्याच्या पूर्ण परिचयाची होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आरोपी असं बोलला?"

"आशय हाच होता, महाराज. शब्द लिहिण्यास मला संकोच वाटला."

"आम्हांला आशय नको. तो बोलला तसं सांगा."

महिपतीने वही मिटली. नऊ संध्याकाळींनी ती नक्कल त्याच्या अंगात मुरलेली होती, याची त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. त्याने खिशातला रुमाल पदरासारखा डोक्यावर घेतला आणि त्याचा आवाज पालटला.

"घिऊन जावा की साहेब. तीस वर्सं झाली, नुस्ती अडगळीत पडलीया."

मग नकलेतला साहेब विचारतो, तर मग बाई, कापायची तरी कशाला? येथे गुरुलिंग थांबत असे. महिपतीही थांबला. त्याने समोर नसलेल्या म्हाताऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिले आणि मनात आठ आकडे मोजले.

"कापा वो. आमाला न्हाय तर न्हाय, सरकारला तरी उपेग हुंदे."

न्यायालय हशाने फुटले. हमालांनी बाके बडविली. पट्टेवाला दाराकडे तोंड करून उभा राहिला. न्यायाधीशांनी काहीतरी पडल्यासारखे करून मेजाखाली वाकून घेतले. ती लाट महिपतीच्या छातीवर येऊन आदळली. आयुष्यात प्रथमच. हे असेच चालत राहावे असे त्याला वाटले. तोच त्याची दृष्टी आरोपीकडे गेली. गुरुलिंग हसत नव्हता. सुतार दुसऱ्याने मारलेला खिळा पाहतो, तसा तो लक्ष देऊन पाहत होता. महिपतीला त्या क्षणी कळले की ही लाट गुरुलिंगाचीच आहे. आपण केवळ तिच्या वाटेत उभे आहोत.

शांतता झाल्यावर मानसिंगरावांनी विचारले की साक्षीदार किती वेळा ही नक्कल ऐकावयास गेला. नऊ वेळा, महिपती म्हणाला. कोणी बळजबरी केली होती काय? नाही. बसत कोठे होता? पहिल्या रांगेत.

न्यायाधीश पुढे झुकले. "कायद्याला एवढंच हवं आहे. या शब्दांनी तुम्हांला उपद्रव झाला की नाही?"

होय म्हटले की काम संपत होते. पुढल्या वर्षीची सगळी मंडळे, सगळे मंच मोकळे होणार होते. महिपतीने त्या मोकळ्या मंचावर स्वतःला उभे केले, आपली शिक्क्याची संहिता म्हणून पाहिली, आणि त्याला समोर शिस्तीने बसलेले लोक दिसले.

"झाला, महाराज," तो म्हणाला. "पण शब्दांनी नाही."

"मग कशानं?"

"लोक हसत होते, त्यानं. माझी बायकोसुद्धा हसली."

या उत्तराला कोणीही हसले नाही. सरकारी वकील कागद आवरू लागले. फिर्यादीच्या एकमेव साक्षीदारास शब्दांचा उपद्रव झालेला नाही, सबब आरोपीस सोडण्यात येत आहे, असे न्यायाधीशांनी दुपारी सांगितले.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी गुरुलिंगाला घेरून उभी होती. महिपती कडेकडेने निघाला असता मोडनिंबच्या एका पागोटेवाल्या पाहुण्याने त्याला अडविले. तो आपल्या खटल्यासाठी आला होता आणि कोण आरोपी, कोण साक्षीदार, हे त्याला उमगले नव्हते.

"ती म्हातारी तुमीच केली नव्हं? लई झ्याक. आमच्या गावात जत्रा हाय, येता का?"

गुरुलिंग चार हातांवर होता. त्याला ऐकू गेले असावे. परंतु तो वळला नाही.

महिपतीने वाचनालयात कमावलेली सगळी भाषा तोंडात शोधली. त्यातले एकही वाक्य कामाचे निघाले नाही.

"ती माझी न्हाय," तो म्हणाला. "त्येंची हाय. त्येन्ला इचारा."

पाहुणा तिकडे गेला. महिपतीला कारखान्यात दुसऱ्या पाळीला पोहोचावयाचे होते, उशीर होत होता. तरीही जत्रेची तारीख कोणती ठरते, हे ऐकू येईपर्यंत तो तेथेच, भिंतीला खांदा लावून उभा राहिला.