मधलं दार

माझा नवरा जिंबुन दाढ काढायला सिबूला गेला आणि येताना स्वातंत्र्य घेऊन आला. दाढ होती तिथंच होती. दवाखान्याबाहेर कुणीतरी त्याला आमच्या सारावाक राज्याचा झेंडा छापलेला टीशर्ट दिला, कॉफी पाजली आणि मलेशियानं आपल्याला कसं लुबाडलं ते समजावून सांगितलं. तेव्हापासून तो टीशर्ट अंगावरून उतरायचं नाव घेईना. मी धुवायला मागितला की म्हणायचा, "थांब, आधी देश होऊ दे."

जिंबुन आमच्या लांबघराचा मुखिया. कानोवित गावाच्या वर, नदीकाठी, एका सलग छपराखाली आमची वीस इबान कुटुंबं राहायची. प्रत्येकाचं दार वेगळं, दारामागच्या खोल्या, खांब, फळ्या ज्याच्या त्याच्या. दारांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा ओटा मात्र सगळ्यांचा. त्याला आम्ही रुआइ म्हणतो. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की जिंबुन रुआइवर मुखियाच्या चटईवर बसायचा, तुआकचे पेले भरायचा आणि मलायावाल्यांना, म्हणजे समुद्रापलीकडच्या मलेशियाला, झोडपायला घ्यायचा.

"तेल आपल्या समुद्रातलं, आणि दिवे लागतात कुणाकडे? क्वालालंपूरला! आपण मलेशियात भागीदार म्हणून गेलो होतो, गडी म्हणून नाही. जो मर्जीनं आला त्याला मर्जीनं जाता आलं पाहिजे!"

लोक माना डोलवायचे. तांदळाची दारू फुकट असली की आमच्याकडे कुठल्याही धोरणाला बहुमत मिळतं.

ऐकणाऱ्यांत त्याची धाकटी बहीण सुरिंग असायची. विधवा बाई, मधल्या दारात राहायची, मान खाली घालून वेताची चटई विणत बसायची. तिची नात लायांग सात वर्षांची. पोरीचे आईबाप लांब जोहोरला कारखान्यात, आणि पोर शाळेच्या वसतिगृहात, कारण शाळा रस्त्यावर आणि रस्ता आमच्यापासून होडीनं अर्ध्या दिवसावर. सुट्टी संपली की ती होडीची कड धरून अशी रडायची, की होडीवाला मुद्दाम इंजिनाचा आवाज वाढवायचा. मला ते बघवायचं नाही. शाळेच्या हाकेवर सुरिंगची बापाकडून आलेली जमीन होती, पण तिथं घर उभं करायला तिच्याकडे काही नव्हतं.

एका संध्याकाळी सिबूहून दोन टीशर्टवाले पाहुणे आले होते. जिंबुनला चेव चढला होता. सुरिंगनं विणता विणता विचारलं, "दादा, जाणाऱ्यानं आपलं जे असेल ते बरोबर न्यायचं का?"

"मग काय त्यांना आहेर करायचा? सगळं न्यायचं!"

"सगळं म्हणजे?"

"खांबासकट!" जिंबुननं मांडीवर थाप मारली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सुरिंगनं चटई गुंडाळली आणि ती झोपायला गेली.

सकाळी ती पांढरा कोंबडा आणि तांदळाचं ताट घेऊन रुआइवर आली. घर सोडताना देवांची माफी मागायला आमच्यात एवढं लागतं. "दादा, मी निघाले," ती म्हणाली. "रस्त्यावर घर बांधते. माझं दार नेते. खांबासकट."

आधी सगळे हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं, की मधलं दार गेलं तर घराचे दोन तुकडे होतात. मग मात्र कुणी हसेना.

"वेडी झालीस का गं?" जिंबुन म्हणाला. "आपण सगळे एक आहोत!"

"आहोत ना. पण माझ्या छपरावरचं पाणी तुझ्या टाकीत जातं."

"आणि छपराचे पत्रे कुणी आणले? विकास कुणी केला?"

"तूच केलास. तुझ्या टाकीपर्यंत."

"तुला एकटीला झेपणार आहे का? अजून तेवढी तयारी नाही झाली तुझी!"

मग तो मवाळ झाला. तिला उपमुखिया करतो म्हणाला. वर्षातून एकदा मधल्या दाराचा दिवस पाळू, त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, म्हणाला. तिनं विचारलं, "झेंडा पण देणार का?" त्याबरोबर तो भडकला आणि त्यानं जाहीर केलं, की दारांबद्दल बोलल्यानं सलोखा बिघडतो, म्हणून यापुढे रुआइवर हा विषय बंद.

मी कॉफी घेऊन आले होते. "लेंगाईच्या बापा," मी म्हटलं, "हे भाषण मी ऐकलंय. टीव्हीवर. क्वालालंपूरचा टाय लावलेला माणूस करत होता." त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी फक्त मुलांमार्फत बोलला.

शेवटी सगळं घर रुआइवर बसलं. आमच्यात सगळ्यांत म्हातारे न्यांगाव आजोबा. त्यांच्यासमोर जिंबुन हात नाचवत म्हणाला, "अहो, मी सारावाकबद्दल बोलत होतो! भाषण होतं ते!"

"कुठं बसून बोललास?" आजोबांनी विचारलं.

"इथंच. चटईवर."

"कुणाच्या?"

जिंबुननं खाली चटईकडे बघितलं. "मुखियाच्या."

"चार माणसांदेखत, पाहुण्यांदेखत. बाळा, या चटईवर तुझ्या बापानं निवाडे दिले, आज्यानं दिले. इथं भाषण होत नसतं. इथं मुखिया बोलला की निवाडा होतो."

टीशर्टवाल्यांना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. जिंबुनला होतं. लहानपणापासून होतं, पण टाळ्यांच्या नादात विसरला. दुसरे पुढारी बोललेलं सकाळी नाकारतात. इबान मुखियाला तीही सोय नाही.

रिवाजाप्रमाणे पहिला घाव त्यालाच घालावा लागला. खांब आज्याच्या वेळचे, बेलियानच्या लाकडाचे, खिळा वाकेल पण लाकूड दाद देणार नाही असले. त्यानं कुऱ्हाड उचलली, एक घाव घातला, आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणून आत निघून गेला. धूळ अजून उडालीच नव्हती. पुढचं काम पुतण्यांनी केलं आणि खांब होडीत चढवले.

पलीकडच्या अर्ध्या घरानं लगेच स्वतःचा मुखिया निवडला. खिंडारावर एक फळी टाकली आणि फळीशी एक माणूस बसवला. मी मीठ मागायला निघाले तर तो विचारतो, "कुठून आलात? काम काय? किती दिवस राहणार?" आईच्या पोटात असल्यापासून ओळखते मी त्याला. मीठ न घेताच परत आले.

पुढच्या सुगीच्या सणाला, गावाइला, आम्ही सुरिंगकडे गेलो. जिंबुननं साधा सदरा घातला होता. नवं घर छान उभं होतं, जुन्याच खांबांवर. आपल्या घरात माणूस सरळ वर चढतो. परक्यानं मात्र शिडीखाली थांबून, घरात काही विटाळ-व्रत पाळणं चालू नाही ना, ते विचारायचं असतं. जिंबुननं सवयीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. उभ्या जन्मात त्यानं बहिणीच्या दारात हे विचारलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला.

"घरात काही पाळताय का? वर आलं तर चालेल का?"

दारात लायांग आली. "काही नाही पाळत, पाहुणे. या वर," ती म्हणाली.

"अगं, मी आजोबा!"

"माहितीये. पण आजी म्हणते, हे वेगळं घर आहे."

जिंबुन तिथंच पायरीवर बसला आणि पोरासारखा रडायला लागला. सुरिंग खाली येऊन त्याच्याजवळ बसली. "परत चल गं," तो म्हणाला. "टाकी तुझ्या दारात आणतो. मुखिया हो. काय हवं ते हो."

"दादा, पोर रोज घरी येते."

जिंबुननं नाक पुसलं, वर गेला आणि पाहुण्याच्या जागेवर बसला.