कानसेनची तपासणी

अहवालात लिहिलं होतं : 'दावेदार वेळेवर आला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. झोप, भूक आणि मन:स्थिती याबद्दल स्पष्ट, सुसंगत उत्तरं दिली. क्रेनचालक म्हणून कामावर रुजू होण्यास हरकत दिसत नाही.'

कानसेनच्या बायकोने ते तीनदा वाचलं आणि शिलाई मशीनच्या स्टुलावर मटकन बसली. पाण्याचा ग्लास हातात दिला तरी 'प्या' म्हटल्याशिवाय जो पीत नाही, तो माणूस क्रेन चालवणार? आणि खाली माणसं उभी राहणार?

कानसेन हे नाव त्याला यार्डातल्या लोकांनी दिलेलं. क्रेनच्या मोटरच्या आवाजावरून तो सांगायचा, हुकाला माल आहे की हुक रिकामा आहे. बघायची गरज नसे. पण साखळी तुटण्याआधी आवाज करत नाही. दीड वर्षापूर्वी तुटली, आणि खाली उभा राहून हाताने खुणा करणारा त्याचा जोडीदार जागच्या जागी गेला. चौकशीत कानसेनची चूक निघाली नाही. तो मात्र त्या दिवशी घरी येऊन पलंगावर बसला तो बसलाच. अपंगत्वाच्या विम्यावर घर चाललं होतं. आता विमा कंपनीने स्वतंत्र मानसतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, आणि तिचा हा असा निकाल.

आता खरं सांगायचं तर, हा धोंडा बाईने स्वत:च्या हाताने स्वत:च्या पायावर पाडून घेतला होता. तपासणीचं पत्र आलं तेव्हा नणंदेने फोनवरून धाक घातला होता, "गबाळा नेऊ नकोस गं त्याला. वेडा म्हणून आत टाकतील, मग बस हात चोळत." झालं! बाईने दहा दिवस नवऱ्याची उजळणी घेतली. झोप कशी? "चांगली लागते." भूक? "लागते." मन? "बरं आहे." शाळेतल्या पोरासारखं पाठ करून घेतलं. त्या सकाळी स्वत: त्याची दाढी केली, बटणं लावली, बूट चढवले. तज्ज्ञ बाईंच्या दारापर्यंत हात धरून नेलं आणि बाहेर बाकावर बसून राहिली. तो पोपटासारखा बोलला. तिला वाटलं, पास झालो.

दुसऱ्या दिवशी ती अहवाल घेऊन विमा कंपनीत थडकली. दावे बघणारे साहेब वयाने तिच्या धाकट्या भावाएवढे. टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर अर्धं खाल्लेलं केळं.

"यांना कामावर पाठवलंत तर हे मरतील," ती म्हणाली. "नाहीतर कुणाला तरी मारतील."

"पण ताई, मूल्यमापन चांगलं आलंय. नीटनेटके होते, उत्तरं—"

"नीटनेटकं मी केलं. उत्तरंही माझीच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिलाच आपली लाज वाटत होती. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही!" ती ओरडली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

साहेबांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "हे सगळं लिहून द्या. त्याच बाई पुन्हा तपासतील आणि या वेळी तुम्हालाही आत घेतील. पण एक करा, यजमानांची काहीही तयारी करू नका. हे मूल्यमापनही असंच आलं, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

काही न करणं इतकं जड असतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या तपासणीच्या सकाळी ती दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिली. अकराच्या वेळेसाठी तो साडेदहाला बनियनवरच बसलेला. शेवटी तिने नुसता शर्ट त्याच्या अंगावर टाकला आणि रिक्षा बोलावली. दाढी चार दिवसांची, पायात स्लिपर. रस्त्यावर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ती रिक्षापर्यंत मान खाली घालून चालली.

तज्ज्ञ बाईंच्या खोलीत तीन खुर्च्या आणि एक बंद खिडकी. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. मागच्या महिन्यातला माणूस तो हाच, हे त्यांना क्षणभर पटलं नसावं.

"झोप कशी लागते?"

"चांगली लागते," कानसेन म्हणाला.

बायको चटकन पुढे झुकली. तो पाठ केलेलंच म्हणत होता. संपलं सगळं!

"अहो, ते विसरा आता," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "खरं काय ते सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नाही लागत," तो म्हणाला.

"रात्री नसेल लागत," ती तज्ज्ञ बाईंना घाईने म्हणाली, "पण दुपारी दोन तास गाढ झोपतात. तेवढाच काय तो जिवाला आराम."

"दुपारीही नाही." आवाज गंजल्यासारखा येत होता. "डोळे मिटून पडतो. ही पलीकडे मशीनवर बसते. मशीन चालू करते आणि रडते. मला ऐकू येऊ नये म्हणून. पण मशीनखाली कापड नसतं."



"तुम्हाला कसं कळलं?" तज्ज्ञ बाईंनी हळूच विचारलं.

"रिकामी चालते. भरल्या मशीनचा आवाज वेगळा असतो."

"मग तुम्ही उठून त्यांच्याकडे का गेला नाहीत?"

कानसेनने स्वत:च्या स्लिपरकडे पाहिलं. "उठायचं ठरवतो, बाई. रोज ठरवतो. पाय उचलत नाही. तेवढ्यात मशीन बंद होते आणि ही डोळे पुसून चहा घेऊन येते."

तज्ज्ञ बाईंनी लिहायचं थांबवलं होतं. बायकोने हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावायला घेतलं. मग तिला साहेबांचं सांगणं आठवलं. तिने ते बटण तसंच सोडलं आणि त्याचा हात धरून बसली.