गार होईपर्यंत

मिस्त्रीने रेडिएटरच्या झाकणावर तळहात टेकवला, लगेच उचलला आणि फडक्याला पुसला.

"अजून नाही. बसा."

बसायला गॅरेजात एकच जागा होती. कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची मागची सीट भिंतीला टेकवून ठेवली होती. ताई एका टोकाला बसली, तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत तिसरा माणूस ऐसपैस मावला असता. सीटच्या स्प्रिंगा मात्र जुन्या होत्या. एकजण हलला की दुसराही थोडा वर उचलला जाई. दोघंही मग न हलता बसून राहिली.

गाडी वडिलांची. ते गेल्यावर ती दोघांच्या वाट्याला आली होती. आठवड्याचा पहिला भाग ताईकडे आणि उरलेला धाकट्याकडे. किल्ली ताईच्या इमारतीखालच्या पत्रपेटीत ठेवायची, कुणी कुणाच्या दारापर्यंत जायचं नाही. हा नियम कुणी केला नव्हता, आपोआप पडला होता. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात ताईला त्यांना घरीच ठेवायचं होतं आणि धाकट्याला इस्पितळात. दोघांचे चार शब्द वाढले. ते वाढलेले शब्द वडिलांबरोबर गेले नाहीत, इथेच राहिले. आता दोघांना जोडणारी अशी ही गाडीच काय ती उरली होती. धाकटा गाडीत बसला की गुडघे स्टिअरिंगला लागत, कारण ताई सीट पुढे ओढून घेई. सीट मागे ढकलताना त्याला वाटे, चला, ताई बरी आहे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते होतं तरी कुठे!

आणि आता गाडी तापत होती. चढाला लागलं की काटा लाल पट्टीकडे सरके. मिस्त्रीने आधी काट्याची वायरिंग तपासली. मग पंखा तपासला, त्याचा स्विच बदलला. मग पंख्याची मोटर नवी घातली. काटा आपला लाल पट्टीकडून मागे येईना.

"मला अजून कळत नाही, घोडं कुठे पेंड खातंय ते," मिस्त्री म्हणाला. त्याला हे म्हणणं फार जड गेलं असावं, कारण तो गाडीकडे बघून बोलला, माणसांकडे नाही. "पाणी गळत असतं तर म्हटलं असतं, ठीक आहे. पण टाकी बघावी तेव्हा काठोकाठ! भरलेल्या पाण्यावर तापणारी गाडी मी पहिल्यांदाच बघतोय. आता एकच राहिलं. इंजिन उघडायचं."

"आणि त्यात काही निघालं तर?" ताईने विचारलं.

"तर नाकापेक्षा मोती जड. मग दोघांनी मिळून ठरवा, ठेवायची का काढून टाकायची. म्हणून तर दोघांना बोलावलं."

धाकट्याने ताईकडे बघितलं नाही. ती विकायचंच म्हणणार, याची त्याला खात्री होती. ताईनेही त्याच्याकडे बघितलं नाही. तो विकायचंच म्हणणार, याची तिलाही तितकीच खात्री होती.

मिस्त्री गाडीखाली घमेलं सरकवायला गेला. समोर बॉनेट उघडं होतं आणि आत इंजिन मधूनच टिक् टिक् करत निवत होतं. हा आवाज दोघांच्या ओळखीचा होता. लहानपणी लांबच्या रस्त्यावर गाडी तापली की वडील ती कडेला घेत, बॉनेट उघडत आणि म्हणत, "गार होईपर्यंत बसा. गरम इंजिनाला हात लावणारा शहाणा मी अजून बघितला नाही." मग ते दगडावर बसून कोडी घालत. उत्तर आधी ताईला येई आणि धाकटा रडे. वडिलांचा दुसराही एक नियम होता. कुणाचीही वस्तू परत करताना ती कमी भरलेली द्यायची नाही. शेजाऱ्याचा पंप आणला तरी ते त्याला तेल घालून परत देत.

"या इकडे," मिस्त्रीने हाक मारली. "दोघंही या."

त्याने रेडिएटरचा खालचा पाइप सोडवला होता. घमेल्यात पाणी यायला हवं होतं. आलं ते तपकिरी, दाट, साबणाच्या उरलेल्या लगद्यासारखं काहीतरी. ते पडत नव्हतं, लोंबत होतं.

"हे काय आहे?" धाकट्याने विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारतोय. हे माझ्या हातचं नाही. टाकीचं प्लॅस्टिक पार पिवळं पडलंय, त्यातून रंग दिसेना. मी आपला पातळी बघून खूश होतो. आजार रेड्याला नि औषध पखालीला, असं झालं माझं. काय घातलंत यात?"

"काही नाही," दोघं एकदमच म्हणाली.

मिस्त्रीने एकदा ताईकडे बघितलं, एकदा धाकट्याकडे. मग तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो लगदा उकरू लागला.

"मी हिरवं घालायचे," ताई म्हणाली. "कूलंट, इंजिन गार ठेवायचं. गाडी ठेवायच्या आधी. पातळी जरा खाली गेलेली असायची, तेवढीच भरून काढायचे."

धाकट्याने मान वर केली.

"प्रत्येक वेळी?"

"कमी कशी ठेवणार? कमी ठेवून द्यायची?"

"मी गुलाबी घालायचो," धाकटा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "डिकीत आहे बाटली. स्टेपनीच्या खाली."

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आधी त्याला हसू आलं, मग राग आला, आणि शेवटी दोन्ही एकदम.

"अहो, ही दोन वेगळ्या जातीची औषधं! एकत्र झाली की त्यांचा असा चिखल होतो. तोच नळ्यांमध्ये जाऊन बसला. गाडीला तुम्ही तापवलंय, दोघांनी मिळून. गळती असेल चमचाभर, गरम इंजिनावर पडून सुकत असेल, खाली डागसुद्धा पडत नसेल. पण ती कळणार कशी? कमी झालेलं कुणाला दिसूच दिलं नाहीत तुम्ही!"

"सांगितलं का नाहीस?" धाकट्याने ताईला विचारलं. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, विकून टाकू."

"मी?" ताईचा चेहरा खरोखर गोंधळला. "मला वाटलं, तू म्हणशील."

धाकटा घमेल्याकडे बघत राहिला. आपण चिडायचं की सुटलो म्हणायचं, हेच त्याला ठरवता येईना. आपण जे राखायला बघत होतो तेच आपण बुजवत होतो आणि तीही तेच करत होती. आता यात चूक एकाच्या गळ्यात घालायची तरी कशी?

मिस्त्रीने रेडिएटर काढला, उलटसुलट धुतला. साफ पाणी दिसेपर्यंत दुपार सरली. मग त्याने सगळं जोडून साधं पाणी भरलं आणि टाकीवर पांढऱ्या रंगाने एक रेघ ओढली.

"आता नीट ऐका. इंजिन उघडायचं तूर्त राहू दे. आठवडाभर यात कुणी थेंबसुद्धा घालायचा नाही. पाणी खाली जाऊ दे. किती जातंय ते कळलं, की कुठून जातंय ते मी शोधतो. काटा चढला तर गाडी उभी करायची. आणि गार झाल्याशिवाय—"

"हात लावायचा नाही," दोघं म्हणाली.

पुढच्या आठवड्यात धाकटा नेहमीसारखा ताईच्या इमारतीखाली आला. पत्रपेटीत किल्ली होती. त्याने सीटवर बसायच्या आधीच बॉनेट उघडलं. खरं तर त्याला भीती वाटत होती. पाणी रेघेवर असेल, तर त्याचा अर्थ काय लावायचा? गळती नाही, की ताईने पुन्हा भरलं? ताईचा हात त्याला माहीत होता. रिकामं काही परत करणं तिच्या जिवावर यायचं.

पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली होतं.

तो बघतच राहिला. गळती आहे म्हणून त्याला आनंद झाला, आणि असा आनंद होणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते त्याला कळेना. त्याने इंजिनावर हात ठेवला. मग त्याने बॉनेट मिटलं, किल्ली खिशात टाकली आणि जिना चढून वर गेला. मधल्या मजल्यावर तो एकदा थांबला. तरी गेला.

ताईने दार उघडलं. तिच्या हातात ओलं पोतेरं होतं. दारात त्याला बघून ती ते दोन्ही हातांनी पिळत राहिली.

"कमी झालंय," तो म्हणाला.

"हो. बघितलं मी सकाळी. दोनदा बाटली भरून खाली गेले होते. नळाचंच पाणी. म्हटलं, बाबांनी असं दिलं नसतं."

"मग?"

"मग झाडाला घातलं."

त्याने मान हलवली. आता मिस्त्रीकडे जायला हवं, असं काहीतरी तो म्हणणार होता. ते बोलायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात ताई दारातून बाजूला झाली.

"आत ये ना. इंजिन गार व्हायचं असेल अजून."

गाडी सकाळपासून सावलीत उभी होती. इंजिन दगडासारखं थंड होतं. त्याने आत्ताच हात लावून बघितलं होतं.

"हो," तो म्हणाला आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. "बराच वेळ लागेल."